एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे

ही बातमी आता वाचकाला पाठ झाली आहे. गोपनीय बातमीदारामार्फत खबर मिळते, पथक सापळा रचतं, संशयितरीत्या फिरणाऱ्याला ताब्यात घेऊन त्याची अंगझडती होते आणि कमरेला खोचलेला ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे’ असा मुद्देमाल हस्तगत होतो. जळगाव असो, पुणे असो, कोल्हापूर असो, गावाचं नाव तेवढं बदलतं. खाली पथकातल्या दहा-पंधरा जणांची नावं हुद्द्यांसकट छापलेली असतात. या बातमीवरून जो वाद रंगतो तोही ठरीवच. एक बाजू म्हणते, शस्त्रांचा सुळसुळाट झाला आहे, सगळेच परवाने बंद करा. दुसरी बाजू परवानाधारकांची. त्यांचं म्हणणं असं, की गुन्हा करतो कट्टेवाला, बातमीत बदनाम होते ‘बंदूक’, आणि मग सरकार हात घालतं ते आमच्या कपाटाला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या मते परवानाधारकांची तक्रार बरीचशी खरी आहे, पण तिच्यातून ते काढतात तो निष्कर्ष चुकीचा आहे. ‘आमचा आणि कट्ट्याचा काडीचा संबंध नाही’ हा तो निष्कर्ष. वृत्तपत्राचा बातमीदार जसा बातमीतल्या त्या ठरीव ओळीचा उत्तरार्ध न वाचता पुढे जातो, तसेच तेही जातात. कट्टा गावठी असतो. ती दोन काडतुसं बहुतेक वेळा गावठी नसतात.

आधी तक्रार नीट ऐकून घेऊ. भारतात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, ती परवानगी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ खाली परवाना लागतो. २०१६ च्या नियमांनुसार अर्जासोबत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. पोलीस ठाण्याची चौकशी होते. परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला युनिक क्रमांक असतो. एवढं करून मिळतं काय? .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, १२ बोअरची बंदूक, .३१५ ची रायफल. ९ मिमी आणि .३०३ सारखे लष्करी बोअर (नळीच्या व्यासाचे प्रकार) सामान्य नागरिकाला बंद. परदेशी बनावटीची हत्यारं दुकानातून विकत घेण्याची सोय १९८० च्या दशकातच संपली, त्यामुळे सरकारी कारखान्यातलं साधं रिव्हॉल्व्हरही लाखाच्या घरात जातं. ज्याने हे सगळं सोसलं आहे त्याला रोजच्या बातमीत ‘पिस्तूलधारी’ या एकाच पोत्यात कोंबलं जातं, याचा राग येणं स्वाभाविक आहे.

आणि बातम्या खरोखरच ढिसाळ असतात. मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडच्या भट्ट्यांतून येणाऱ्या पिस्तुलांवर ‘मेड इन यूएसए’ असे ठसे मारलेले असतात, कारण गिऱ्हाइकाला ते आवडतात. आपला बातमीदार तो ठसा वाचून ‘अमेरिकन बनावटीचं पिस्तूल जप्त’ असा मथळा देतो, म्हणजे विक्रेत्याची जाहिरात फुकटात करतो. मजकूर एकनळी कट्ट्याचा आणि चित्र भलत्याच रिव्हॉल्व्हरचं, हेही नेहमीचं. पंचनाम्यातली किंमत जशीच्या तशी छापली जाते, इतके हजार पिस्तुलाचे आणि इतकेशे काडतुसाचे. ज्याला घ्यायचं आहे त्याला दरपत्रकच मिळालं. याउलट विमानतळावर एखाद्या परवानाधारकाच्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस सापडलं, तरी मथळा तितकाच मोठा. वास्तविक न्यायालयांनी ‘जाणीवपूर्वक ताबा’ नसेल तर गुन्हा बनत नाही असं अनेकदा म्हटलं आहे आणि असे गुन्हे रद्दही केले आहेत. पण गुन्हा रद्द झाल्याची बातमी पान ७ वर तरी कितीदा दिसते?

या ढिसाळपणाची किंमत परवानाधारक मोजतात, हाही मुद्दा खरा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली. मूळ विधेयकात माणशी एकच हत्यार ठेवण्याची तरतूद होती. विरोध झाल्यावर ती संख्या दोन झाली, आणि आधी तीन बाळगणाऱ्यांना तिसरं जमा करावं लागलं. बेकायदा शस्त्रांच्या बंदोबस्तासाठी आणलेल्या कायद्याने कायदेशीर शस्त्र कमी केलं! त्याच दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र बनवणं आणि विकणं यांची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली, ती योग्यच होती. पण चर्चा झाली ती तीन की दोन याचीच. निवडणुकीचं तसंच. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात बंदुका जमा करण्याचे आदेश सुटायचे. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की असा सरसकट आदेश चालणार नाही, छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही ते आलं. तरी दर निवडणुकीत कोकणातला शेतकरी भातावर डुकरं पडत असताना बंदूक ठाण्यात देऊन येतो. रानडुकराला आचारसंहिता लागू नसते.

इथवर परवानाधारक बरोबर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात जप्त शस्त्रांचे दोन रकाने असतात, एक परवान्याच्या किंवा कारखान्यात बनलेल्या शस्त्रांचा आणि दुसरा विनापरवाना, कच्च्या, देशी बनावटीच्या शस्त्रांचा. दुसऱ्या रकान्यातला आकडा पहिल्याच्या कैक पट असतो. परवानाधारकांचा सगळा युक्तिवाद या दोन रकान्यांवर उभा आहे आणि आकड्यांपुरता तो अचूक आहे.

पण आकडा अचूक असूनही वाद कसा फसतो, हे पाहायला अमेरिकेकडे पाहावं. तिथे स्वतःपुरती बंदूक घरी बनवायला १९६८ च्या केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. अशा बंदुकीवर अनुक्रमांक नसतो म्हणून तिला ‘घोस्ट गन’ हे नाव चिकटलं. तिथल्या केंद्रीय शस्त्र विभागाच्या अहवालानुसार माग काढण्यासाठी आलेल्या संशयित घरगुती बंदुका २०१७ मध्ये १,६२९ होत्या, २०२१ मध्ये १९,२७३ झाल्या. वाहिन्यांनी मथळा केला, १,०८३ टक्के वाढ. बंदूकधारकांनी त्याच अहवालातला दुसरा आकडा पुढे केला. पाच वर्षांत माग काढलेल्या एकूण बंदुका १९ लाखांहून जास्त आणि त्यांत घरगुती ३७,९८०, म्हणजे जेमतेम दोन टक्के. दोन्ही आकडे खरे. एकाने वेग सांगितला, दुसऱ्याने वाटा. आणि दोघांनीही एकमेकांना खोटं ठरवलं. शेवटी प्रश्न सुटला तो कायद्याच्या बारकाव्यावर. तयार सुट्या भागांचा संच ‘बंदूक’ मानायचा का, त्यावर क्रमांक आणि विक्रेत्यावर ग्राहकाची पडताळणी बंधनकारक करायची का? २०२२ चा तसा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. न्यायालयात भांडण संचाच्या विक्रीवर होतं, मथळ्यांत मात्र भुताटकीवर.

आपल्याकडचे काही बंदूकप्रेमी ही अमेरिकन घोषणाबाजी जशीच्या तशी उचलतात, ती इथे अजिबात बसत नाही. तिथे शस्त्र बाळगणं घटनादत्त हक्क आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा हाच फरक नोंदवला होता. हक्काची भाषा उसनी आणली की परवानाधारक आपला खरा मुद्दा गमावतात. तो हक्काचा नाहीच, तो हिशेबाचा आहे. ‘आमच्या प्रत्येक हत्याराचा हिशेब सरकारकडे आहे’ हे त्यांचं सगळ्यात भक्कम वाक्य. मग पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. हत्याराचा हिशेब आहे, काडतुसाचा किती आहे?

कट्ट्यासोबत जप्त झालेल्या काडतुसाचा तळ पाहिला तर त्यावर अक्षरं कोरलेली असतात. उत्तर प्रदेश, बिहारमधल्या असंख्य पंचनाम्यांत आणि निकालपत्रांत एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो: ‘८ एमएम केएफ’. .३१५ च्या काडतुसाची ही खूण. ‘केएफ’ म्हणजे किरकी फॅक्टरी. आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, स्थापना १८६९, आणि २०२१ च्या पुनर्रचनेनंतर म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग. महाराष्ट्रात जास्त सापडतात ती मॅगझीनची ७.६५ मिमी पिस्तुलं. त्यांच्या काडतुसांच्या तळावरही ‘केएफ ७.६५’ दिसतं. हे काडतूस खडकीहून निघतं तेव्हा पूर्ण कायदेशीर असतं. पेटीवर लॉट क्रमांक (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) असतो, ते परवानाधारक विक्रेत्याकडे जातं, विक्रेत्याच्या नोंदवहीत चढतं, परवानाधारकाला ठरलेल्या मर्यादेत विकलं जातं आणि त्याच्या परवान्यावर नोंद होते. या साखळीत कुठेतरी ते सुटतं आणि कुणाच्या तरी पँटच्या उजव्या खिशात पोहोचतं. सुटतं कुठे? परवानाधारक खर्च न केलेली काडतुसं विकतो तिथे, विक्रेता मृत किंवा गावी नसलेल्या परवानाधारकाच्या नावावर विक्री दाखवतो तिथे, किंवा सरकारी कोठारातून. कारागिराच्या हातात भट्टी, कानस आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब असतं, पण काडतूस हे मोठ्या कारखान्याचं काम आहे. म्हणून हत्याराचा उगम गावठी असला तरी दारूगोळ्याचा उगम बहुधा अधिकृतच असतो. परवानाधारकांचं जग आणि कट्टेवाल्यांचं जग इथे एकमेकांना लागून उभं आहे, आणि नेमकी हीच जागा दोन्ही बाजू टाळतात.

इंग्रजांना हे फार आधी कळलं होतं. १८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा सगळ्यांना आठवतो, कारण त्याने भारतीयाला परवाना लावला आणि युरोपियनाला सूट दिली; १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्यावर ठरावही केला. १९०७ चं फारसं कुणाला आठवत नाही. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना .४५० चं काडतूस चालू नये म्हणून त्या वर्षी भारत आणि सुदानमध्ये .४५० व्यासाच्या दारूगोळ्याची आयातच बंद झाली. शिकारी रायफली बनवणाऱ्या इंग्लिश कंपन्यांना त्यासाठी .४६५, .४७० असे नवे व्यास काढावे लागले. निसटलेली रायफल परत आणता येत नाही, पण तिचं खाद्य तोडता येतं, हा साधा हिशेब. राज्य परकीय होतं, हेतू दडपशाहीचा होता, हे मान्यच. म्हणून हिशेब चुकत नाही.

ऑगस्ट १९१४ ची कलकत्त्याच्या रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीची घटनाही अशीच बघावी. क्रांतिकारकांनी पळवलेल्या मालाचं वर्णन करताना आपण पन्नास माउझर पिस्तुलं म्हणतो. त्याबरोबर काडतुसं होती ४६,०००. पन्नास पिस्तुलांचं वर्षानुवर्षं भय वाटलं ते या काडतुसांमुळे. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात त्या पिस्तुलांचा माग क्रमांकानिशी दिला आहे, किती टोळ्यांत वाटली गेली, किती गुन्ह्यांत वापरली गेली, किती परत मिळाली. माग निघाला कारण प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता. गावठी हत्याराला क्रमांक नाही, त्याचा तसा माग कधीच निघणार नाही. ज्यावर काहीतरी खरं लिहिलेलं आहे अशी त्या मुद्देमालातली एकच वस्तू उरते, काडतूस.

यावर जाणकार परवानाधारक तीन आक्षेप घेतील आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला, झाडलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) पुन्हा भरल्या जातात, तेव्हा तळावरच्या खुणेवरून काही सिद्ध होत नाही. खरं आहे, असं होतं. पण भरलेलं काडतूस तज्ज्ञाला ओळखू येतं, आणि शिवाय ती पुंगळी तरी आधी कुणाच्या परवान्यावर विकली गेली होती? दुसरा आक्षेप, गळती आमच्याकडून नाही, सरकारी कोठारांतून होते. याला पुरावा आहे. २०१० मध्ये रामपूर इथे केंद्रीय राखीव पोलीस दल आणि पोलिसांतल्या लोकांनी काडतुसं बाहेर विकल्याचं उघड झालं. २०२३ मध्ये २४ जणांना दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये जबलपूरच्या लष्करी शस्त्रागारातल्या एके-४७ बिहारमधल्या मुंगेरला पोहोचल्याचं निघालं. पण यातून परवानाधारक सुटत नाहीत, साखळीतली आणखी एक कडी दिसते एवढंच. तिसरा आक्षेप सगळ्यात भावनिक, परवानाधारक मुळातच पारखून घेतलेला माणूस असतो. मग जम्मू-काश्मीरचं काय? २०१२ ते २०१६ या काळात तिथे पावणेतीन लाखांहून अधिक परवाने अपात्र लोकांना दिल्याचा आरोप केंद्रीय अन्वेषण विभाग तपासतो आहे, आणि प्रकरण उघड झालं ते राजस्थान पोलिसांनी २०१७ मध्ये दलाल पकडले तेव्हा. परवाना हाच जिथे विकला जातो तिथे ‘परवाना आहे’ हे चारित्र्याचं प्रमाणपत्र कसं मानायचं? प्रामाणिक परवानाधारकाचा राग खरं तर या लोकांवर निघायला हवा, निघतो बातमीदारावर.

काडतुसाचा माग काढता येतो का, की हे कागदावरचं शहाणपण आहे? ब्राझीलने करून पाहिलं आहे, आणि कुठे बिघडतं तेही दाखवलं आहे. तिथल्या २००३ च्या निःशस्त्रीकरण कायद्याने पोलिसांना आणि सुरक्षा दलांना विकल्या जाणाऱ्या प्रत्येक काडतुसाच्या तळावर लॉटची खूण सक्तीची केली. मार्च २०१८ मध्ये रिओच्या नगरसेविका मारियल फ्रँको यांची हत्या झाली. घटनास्थळी सापडलेल्या ९ मिमीच्या पुंगळ्यांवर ‘यूझेडझेड-१८’ हा लॉट होता, आणि काही दिवसांत वर्तमानपत्रांतच छापून आलं की हा लॉट २००६ मध्ये केंद्रीय पोलिसांना विकला होता. एवढ्या थोड्या वेळात प्रश्न ‘कुणी झाडली’ यावरून ‘कुणाच्या कोठारातून गेली’ यावर आला. मग अडचणही कळली. लॉट लहान ठेवायचा, दहा हजारांचा, असा नियम असताना हा लॉट अठरा लाखांच्या पुढचा होता आणि त्यातली काडतुसं इतर हत्याकांडांतही सापडली होती. एवढ्या मोठ्या लॉटवरून एका ठाण्यापर्यंत पोहोचणं अशक्यच. धडा सरळ आहे: खूण हवी, आणि लॉट लहान हवा. आपल्याकडे तर नागरी काडतुसाच्या तळावर कारखाना आणि बोअर कळतो, लॉट पेटीवरच राहतो. पेटी फुटली की ओळख गेली. खडकीत तळावर दोन अक्षरं आणखी उमटवायला असा काय खर्च येतो, हा प्रश्न संरक्षण मंत्रालयाला आजवर किती पत्रकारांनी विचारला आहे?

बातमीतला दुसरा मोठा घोळ म्हणजे ‘गावठी’ या शिक्क्याखाली वेगवेगळे प्रश्न एकत्र होणं. सिंधुदुर्गात एखाद्याकडे विनापरवाना ठासणीची बंदूक मिळते. ती डुकरासाठी असते. तिला काडतूसच लागत नाही, आणि ती सापडण्यामागे परवाना वेळेत न मिळणं किंवा वारसाच्या नावावर न होणं हे कारण अनेकदा असतं. पुण्यात विशीतल्या पोराच्या कमरेला ७.६५ चं मॅगझीनचं पिस्तूल मिळतं. ते सातपुड्याच्या पायथ्याहून, चोपडा तालुक्याला लागून असलेल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीसारख्या गावातून किंवा खरगोन, बुऱ्हाणपूरकडून आलेलं असतं आणि हाताहातात किंमत वाढत वाढत शहरात पोहोचतं. पहिल्यावर उपाय तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आहे, दुसऱ्यावर आंतरराज्य पोलीस कारवाईत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलीस उमर्टीत जाऊन भट्ट्या मोडून आले ते या दुसऱ्या प्रश्नासाठी. त्या कारवाईच्या बातम्यांत धुरळा, ड्रोन आणि भट्ट्या भरपूर होत्या. काडतुसं कुठून येत होती, हे त्यात शोधावं लागत होतं.

आणि मग या भट्ट्यांशी जोडल्या जाणाऱ्या अख्ख्या जमातीवर ठपका. शिकलगार म्हणजे पिढीजात धार लावणारे, हत्यारं घडवणारे लोक. शीख गुरूंच्या फौजांची शस्त्रं घडवल्याची त्यांची परंपरा सांगितली जाते. मुंगेरचंही तसंच. मीर कासिमने १७६० च्या दशकात राजधानी तिथे नेली आणि बंदुकांचे कारखाने काढले. आजही तिथे परवान्याने १२ बोअरच्या बंदुका बनवणारे कारखाने आहेत, आणि त्यांचं काम आटलं तसे कुशल हात बेकायदा धंद्याकडे वळले. गुन्हेगाराला गुन्हेगार म्हणावं, त्यात संकोच नको. पण ‘शिकलगार वस्ती’ असा शब्द मथळ्यात घातल्याने खरेदी करणारा कोण, पैसे पुरवणारा कोण आणि काडतूस देणारा कोण, हे तिघेही बातमीतून सुखरूप निसटतात. ते बहुधा त्या वस्तीतले नसतात.

‘कट्टा असा बनतो’ छापाच्या चित्रफितींबद्दल मात्र माझं परवानाधारकांशी जमत नाही. त्यांच्यातले बरेच जण म्हणतात, माहिती इंटरनेटवर आहेच, वाहिनीने दाखवली म्हणून काय बिघडलं? ८ जुलै २०२२ ला नारा इथे जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर झाडलेली बंदूक घरी बनवलेली होती, आणि ती ज्या देशात बनली तिथे खाजगी बंदुका जवळजवळ नाहीतच. जपानने त्यानंतर २०२४ मध्ये कायदा बदलून बेकायदा शस्त्र बाळगायला जाहीरपणे चिथावणी देणंही गुन्हा केलं. वाहिनीचा कॅमेरा भट्टीजवळ जाऊन हात, नळी, सांधा दाखवतो तेव्हा वाचकाच्या किंवा मतदाराच्या कामाचं त्यात काही नसतं. कामाचं असतं ते भट्टीच्या दाराबाहेर कुणाची गाडी उभी होती हे. नेमकं तेच धूसर करून दाखवतात.

सगळ्यात वाईट अवस्था बातमीच्या पुढच्या भागाची, म्हणजे खटल्याची. कारण तो भाग लिहिलाच जात नाही. ‘कलम ३, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)(३), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल’ इथे बातमी संपते आणि खटला इथे सुरू होतो. विनापरवाना ताब्याची शिक्षा २०१९ पासून किमान दोन वर्षं आहे, पण ती लागण्याआधी बऱ्याच गोष्टी जमाव्या लागतात. हत्यार जागेवरच पंचांसमोर सीलबंद व्हावं लागतं. सीलचा नमुना आणि मालखान्यातली नोंद जुळावी लागते. तज्ज्ञाने ते चालू स्थितीत आहे आणि काडतूस जिवंत आहे असा अहवाल द्यावा लागतो. आणि कलम ३ खालच्या गुन्ह्यासाठी कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. पंच उलटले, हत्यार महिनाभर सीलशिवाय पडून राहिलं, किंवा मंजुरी कागद न वाचता छापील नमुन्यावर दिली गेली, तर आरोपी सुटतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तर या कायद्यापुरता जिल्हा दंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्तच. म्हणजे पुण्यासारख्या शहरात ज्यांच्या दलाने टेबलावर पिस्तुलं मांडून छायाचित्र काढून घेतलं, मंजुरीही त्यांच्याच कार्यालयातून यायची असते. हा तपशील किती बातम्यांत असतो?

देशी हत्याराच्या बाबतीत न्यायवैद्यक जुळणीही सोपी नसते. कारखान्यातल्या नळीच्या आतल्या आट्यांमुळे (पिळदार खाचांमुळे) गोळीवर ठराविक खुणा उठतात; हाताने केलेल्या नळीत त्या नीट उठतीलच असं नाही, म्हणून पुंगळीच्या तळावरच्या पिनच्या ठशावर जास्त भिस्त ठेवावी लागते. काळजीपूर्वक केलं तर ते साधतं. कलबुर्गी (२०१५) आणि गौरी लंकेश (२०१७) यांच्या हत्यांत एकच ७.६५ मिमी देशी पिस्तूल वापरल्याचा निष्कर्ष कर्नाटकच्या प्रयोगशाळेने काढला, तपासाची दिशा त्यातून पक्की झाली. घाईने केलं तर काय होतं तेही आपल्याकडेच घडलं. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर जानेवारी २०१४ मध्ये पिस्तुलाच्या जुळणीचा हवाला देऊन दोघांना अटक झाली, मुदतीत आरोपपत्रच गेलं नाही आणि दोघे जामिनावर बाहेर आले. आज ‘पिस्तूल जुळलं’ असा मथळा वाचताना अहवाल कशाच्या जुळणीचा आहे, गोळीच्या की पुंगळीच्या, हे विचारणारा वाचक तयार व्हायला हवा होता. त्याला तयार करण्याचं काम बातमीचं होतं.

परवानाधारकांच्या संघटनांनी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमधला फरक बातमीदारांना शिकवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा एक मागणी स्वतःहून करावी. नागरी काडतुसांच्या तळावर लॉट, लॉट लहान, विक्रेत्याच्या नोंदवहीत लॉटनिहाय विक्री, आणि परवाना नूतनीकरणाच्या वेळी शिल्लक काडतुसांची मोजणी. त्रास त्यांनाच होईल, यात शंका नाही. नेमबाजीचा सराव करणाऱ्याला जास्त होईल आणि त्याच्यासाठी वेगळी मर्यादा ठेवावी लागेल. पण ‘आमचा संबंध नाही’ हे सिद्ध करण्याचा दुसरा रस्ता नाही. आणि बातमीदाराला यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. टेबलावरचं काडतूस उलटं करून त्याच्या तळावर काय लिहिलं आहे, एवढं पत्रकार परिषदेत विचारता येतं. गेल्या पाच वर्षांत कलम ३९ खाली किती मंजुऱ्या दिल्या, किती प्रकरणांत शिक्षा झाली आणि किती शस्त्र विक्रेत्यांच्या नोंदवह्या तपासल्या, हे तीन आकडे माहिती अधिकारात एका अर्जावर मागता येतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबारपासून सुरुवात केली तरी चालेल, माल तिकडूनच आत येतो.